घर बांधताना पैसा कामाच्या मागे चालू द्या

आज आपण घराच्या बांधकामाबद्दल बोलणार आहोत. विटा-सिमेंटबद्दल थोडे आणि ठेकेदाराशी करायच्या व्यवहाराबद्दल जास्त. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा, काही आकडे लिहून ठेवण्यासारखे आहेत.

हा विषय घेण्याचे कारण असे. आमच्या गटांमध्ये पूर्वी शेळी, शिलाई मशीन, मुलांच्या फिया यासाठी कर्जे जास्त निघायची. आता घरासाठीही निघतात. कर्ज बाईच्या नावावर असते, पण ठेका ठरतो पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर, तोही तोंडी. पुढे काम रखडले, भिंती उघड्या राहिल्या, पावसाळा आला, तरी गटाचा हप्ता काही थांबत नाही. तो तिलाच भरावा लागतो. ज्या व्यवहाराचे पैसे आपण फेडणार, तो व्यवहार आपल्याला समजलाच पाहिजे.

आम्ही अनेक घरे बांधून होताना पाहिली, काही अर्धवट राहिलेलीही पाहिली. भांडण बहुतेक वेळा तीन जागी होते : मोजमाप, उचल आणि माल. एकेक पाहू.

पहिले मोजमाप. आमच्या एका गटातल्या ताईंनी घराचे काम मजुरीच्या ठेक्यावर दिले. माल त्यांचा, मजुरी ठेकेदाराची. दर ठरला चौरस फुटाला २५० रुपये. घर बाहेरून २० फूट बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. ताईंनी हिशोब धरला दीड लाखाचा. शेवटी ठेकेदाराने मोजले ते वरून, स्लॅबचे. स्लॅब चारही बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलेला होता. म्हणजे २३ बाय ३३, एकूण ७५९ चौरस फूट. वाढलेल्या १५९ फुटांचे झाले ३९ हजार ७५० रुपये. जिन्याचे आणि शौचालयाच्या टाकीचे वेगळेच. ठेकेदार म्हणाला, आमच्याकडे असेच मोजतात. ताई म्हणाल्या, आम्हाला कुणी सांगितले नव्हते. दोघेही आपल्या जागी खरे बोलत होते, कारण ठरवताना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

म्हणून दर विचारण्याआधी मोजणी विचारा. मोजायचे भिंतीच्या बाहेरून की स्लॅबच्या कडेपासून? जिना, ओटा, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, शोषखड्डा हे दरात आहे की वेगळे? सेंट्रिंगचे भाडे कोणाचे? फरशी आणि रंग कोणाकडे? स्लॅबवर पाणी कोण मारणार? या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली, की निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

दुसरी जागा उचलीची. ठेकेदार आज सळईसाठी मागतो, उद्या मजुरांच्या बाजारासाठी मागतो, परवा सणाला मागतो. आपण देत जातो, कारण काम बंद पडेल ही भीती असते. एका घरी लिंटेलपर्यंत काम आले तेव्हा ठरलेल्या रकमेतले ८० टक्के पैसे जाऊन बसले होते. मग ठेकेदाराला दुसऱ्या गावात नवे काम मिळाले. इथे राहिलेले काम मोठे आणि राहिलेले पैसे थोडे. तो परत का येईल? त्या कुटुंबाने पावसाळा पत्र्याच्या आडोशाला काढला आणि गटाचे हप्ते मोलमजुरी करून भरले.

यावर उपाय एकच : पैसा कामाच्या मागे चालला पाहिजे, पुढे नाही. दीड लाखाच्या मजुरीचे टप्पे असे पाडता येतील. काम सुरू करताना १५ हजार. जोत्यापर्यंत काम झाल्यावर ३० हजार. लिंटेलपर्यंत ३० हजार. स्लॅब पडल्यावर साडेसदतीस हजार. गिलावा आणि फरशी झाल्यावर साडेबावीस हजार. शेवटचे १५ हजार सगळे काम संपून, स्लॅबवर पाणी साठवून गळती नाही हे पाहिल्यावर. आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण शेवटचा दहावा हिस्सा हातात ठेवाच. प्रत्येक वेळी दिलेली रक्कम वहीत तारखेसह लिहा आणि समोर सही घ्या. फोन पे केले असेल तरीही लिहा, कारण कोणते पैसे कशाचे हे मोबाइल सांगत नाही.

तिसरी जागा मालाची. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की माल सपाट करायला सांगा आणि टेप लावा. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, मालाची उंची दीड फूट असेल, तर गुणाकार होतो ९०. म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा जास्त, पण एक ब्रास नाही. पैसे ब्रासचे मागितले तर हिशोब दाखवा. सळई वजनावर येते. १२ मीटरची, म्हणजे सुमारे ४० फुटांची पूर्ण सळई ८ एमएमची असेल तर पावणेपाच किलोच्या आसपास भरते, १० एमएमची सुमारे ७ किलो ४०० ग्रॅम, १२ एमएमची सुमारे १० किलो ६५० ग्रॅम. थोडा फरक चालतो, पण १२ एमएमची सळई ९ किलो भरली तर ती परत पाठवा. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी ते तयार झाले हे छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते घेऊ नका.

कालवलेल्या मालात पाणी जास्त झाले की तो पसरायला सोपा जातो, पण स्लॅब कमजोर होतो. माल कढीसारखा पातळ दिसला तर तिथेच थांबवा. स्लॅब पडल्यावर किमान ७ दिवस, आणि पोत्यावर पीपीसी लिहिलेले असेल तर किमान १० दिवस तो ओला राहिला पाहिजे. टेकू १४ दिवस काढू देऊ नका. पाणी मारायचे काम बहुतेक घरी आपल्याकडेच येते. ते कंटाळ्याचे असले तरी घराची ताकद त्यातच आहे.

आता गवंड्याचीही बाजू ऐका. त्यांचे म्हणणे असते की मालक मधेच खिडकी हलवतात, खोली वाढवतात आणि पैसे मात्र जुनेच देतात. टप्पा पूर्ण होऊनही पैसे महिनाभर अडकवतात. हे बरोबर नाही. बदल केला तर त्याचा दर त्याच दिवशी ठरवून वहीत लिहा. टप्पा झाला की पैसे वेळेवर द्या. चांगला गवंडी अशा घरी पुन्हा आनंदाने येतो.

घरकुलाबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. हे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. अमक्याच ठेकेदाराला काम द्या अशी सक्ती कुणी करत असेल, तर ती नियमात बसत नाही. पासबुक, एटीएम कार्ड किंवा अंगठा कुणाच्याही हवाली करू नका. घर पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर करण्याची तरतूद योजनेत आहे, आपले नाव आहे का ते बघा.

काही मैत्रिणींची मुले तालुक्याला किंवा पुण्याकडे फ्लॅट घेतात आणि आईच्या गटातून मदत मागतात. तिथे रेरा कायदा लागतो. हा कायदा २०१६ चा आहे. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा आणि मुलांना तो वेबसाइटवर तपासायला सांगा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. अशा ठिकाणी कागदपत्रे वकिलाला दाखवूनच पैसे द्या.

आपल्याच जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतो तेव्हा रेरा कामाला येत नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा येतो. घरबांधणी ही त्या कायद्याने सेवा मानली आहे. आधी लेखी नोटीस द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करायची असते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. फक्त पुरावा लागतो : कराराचा कागद, सह्यांची वही, कामाचे फोटो.

आमच्या गटांनी आता एक पद्धत पाडली आहे. घरासाठी कर्ज मागणारी सखी ठेक्याचा कागद मासिक बैठकीत आणते. तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो. मोजणी लिहिली आहे का, टप्पे लिहिले आहेत का, दोन साक्षीदार आहेत का, हे बघितले जाते. कर्जही एकदम देत नाही. जोता झाला की एक रक्कम, स्लॅबला दुसरी. गटातल्या दोघीजणी जाऊन काम पाहून येतात. सुरुवातीला घरच्या पुरुषांना हे आवडले नाही. आता ठेकेदाराने जादा मागितले की तेच सांगतात, "गटाच्या बायका पाहून गेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत."

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गटाच्या पेटीत एक टेप आणि एक कोरी वही ठेवा. ज्या मैत्रिणीचे घर चालू आहे, तिला ती आजच द्या.