बेरियम विषारी, मग डॉक्टर ते प्यायला का देतात?

मागच्या वर्षी आईला घास गिळताना त्रास व्हायला लागला. डॉक्टरांनी बेरियम स्वॉलो ही तपासणी सांगितली. म्हणजे काय, तर खडूच्या पाण्यासारखं दिसणारं बेरियमचं औषध प्यायचं आणि ते घशातून खाली उतरत असताना एक्स-रे काढायचे. मी दचकलोच! मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण बारावीच्या केमिस्ट्रीतलं एवढं पक्कं लक्षात होतं की बेरियमचे क्षार विषारी असतात. मग ते आईला पाजायचं कसं?

आधी बेरियमचं घराणं बघू. पिरिऑडिक टेबलचा दुसरा गट, म्हणजे अल्कधर्मी मृदा धातू: बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम. या सगळ्यांच्या शेवटच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात आणि अभिक्रियेत ते दोन्ही देऊन टाकतात. गटात खाली जाल तसा अणू मोठा होतो आणि या इलेक्ट्रॉनवरची पकड सुटत जाते. म्हणून मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळजवळ गप्प बसतं, कॅल्शियम टाकलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि बेरियमची अभिक्रिया तर त्याहून जोरात होते. म्हणूनच बेरियम धातू तेलात बुडवून ठेवतात.

पण आईला धातू थोडाच प्यायचा होता? औषधात असतं बेरियम सल्फेट, आणि सगळी गंमत इथेच आहे. या गटात खाली जाल तशी सल्फेटची विद्राव्यता घटत जाते. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, पाण्यात पटकन विरघळतं. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, थोडंसंच. आणि बेरियम सल्फेट? लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम!

विष असतो तो विरघळलेला बेरियम आयन. तो रक्तात गेला की पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडायची वाट अडवतो. मग रक्तातलं पोटॅशियम घसरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. बेरियम सल्फेट विरघळतच नाही, त्यामुळे ते रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतं. आणि बेरियमच्या अणूत 56 इलेक्ट्रॉन असल्यामुळे ते एक्स-रे चांगले अडवतं, म्हणून अन्ननलिका फिल्मवर पांढरी उठून दिसते.

आता तुम्ही म्हणाल, पाण्यात न विरघळणारं बेरियमचं कुठलंही संयुग चालेल ना? अजिबात नाही! बेरियम कार्बोनेटही पाण्यात फारसं विरघळत नाही, पण पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात त्याचं विद्राव्य बेरियम क्लोराइड होतं. ते उंदीर मारायला वापरलं जायचं, ते याच कारणाने. सल्फेटवर मात्र त्या आम्लाचा परिणाम होत नाही. आणखी मजा म्हणजे, बेरियमची विषबाधा झाल्यावर डॉक्टर पोटात सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट देतात, म्हणजे पोटात उरलेलं बेरियम तिथेच सल्फेट होऊन अडकतं. त्याच घराण्यातला मॅग्नेशियमचा क्षार असा मदतीला येतो!

एक लक्षात ठेवा: या तपासणीनंतर एक-दोन दिवस शौचाला पांढरट होतं आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, म्हणून डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. अन्ननलिकेला किंवा आतड्याला भोक पडल्याची शंका असेल, तर बेरियमऐवजी सहसा आयोडीनचं, पाण्यात विरघळणारं औषध वापरतात.

आईच्या रिपोर्टमध्ये गंभीर काही निघालं नाही. तिची एकच तक्रार होती, "चव अगदी भिंतीच्या चुन्यासारखी होती रे!"