उदरातील विरळ अर्बुदे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

कर्करोग बहुधा एखाद्या इंद्रियाच्या अस्तरात उद्भवतो. परंतु मेद, स्नायू यांसारख्या मृदू ऊतकांतही तो क्वचित होतो. त्यास मांसार्बुद म्हणतात. अशा अर्बुदांपैकी एक प्रकार जठर व आतडे यांच्या भित्तीत वाढतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘जिस्ट’ हे नाव पडले आहे. दर १० लाख लोकांमागे वर्षाला साधारणतः १० ते १५ जणांनाच हा रोग होतो. त्यांतील निम्म्याहून अधिक अर्बुदे जठरात असतात.

हे अर्बुद शस्त्राने काढून टाकणे, हाच त्यावरील मुख्य उपाय होय. पूर्वी त्यासाठी पोटावर लांब छेद घ्यावा लागे. आता अनेकदा चार-पाच लहान छिद्रांतून हे काम साधते. या पद्धतीचा इतिहास बराच जुना आहे. १९०१ साली जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या उदरात हवा भरून नळीवाटे आत पाहिले. १९१० साली स्वीडनमधील याकोबेयस यांनी मनुष्याच्या उदराचे असे निरीक्षण प्रसिद्ध केले. १९८५ साली जर्मन शल्यविशारद एरिक म्यूहे यांनी याच मार्गाने पित्ताशय काढले. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी तशीच शस्त्रक्रिया केली.

रोग्यास भूल दिल्यावर उदरपोकळीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाते व काम करण्यास जागा मिळते. एका छिद्रातून दुर्बीण व दिवा, तर इतरांतून लांब दांड्याची हत्यारे आत जातात. आतील दृश्य पडद्यावर पाहून शल्यविशारद हात चालवतो. जखम लहान असल्याने वेदना कमी होतात आणि रोगी लवकर हिंडूफिरू लागतो.

जिस्टचे दोन गुणधर्म येथे विचारात घ्यावे लागतात. जठराच्या नेहमीच्या कर्करोगाप्रमाणे तो सहसा लसीका ग्रंथींत पसरत नाही. म्हणून अर्बुद व त्याभोवतीची निरोगी भित्तीची अरुंद कड एवढेच कापून काढणे पुष्कळदा पुरेसे ठरते. दुसरा गुणधर्म मात्र धोक्याचा आहे. हे अर्बुद ठिसूळ असते. ते फुटल्यास त्याच्या पेशी उदरपोकळीत विखुरतात आणि जागोजागी रुजू शकतात. यास्तव अर्बुदास चिमट्याने पकडत नाहीत. शेजारची निरोगी भित्ती धरून ते हाताळतात. कापून झाल्यावर ते आतच एका पिशवीत घालतात व पिशवीसह बाहेर काढतात. पिशवी निघण्यापुरते एक छिद्र वाढवावे लागते.

प्रारंभी सुमारे २ सेंटिमीटरपर्यंतच्या अर्बुदांसाठीच ही पद्धत योग्य समजत. अनुभव वाढला तशी ही मर्यादा विस्तारली. तरीही आकार व स्थान पाहूनच निर्णय होतो. औषधाचेही यात साहाय्य होते. १९९८ साली जपानमधील हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जिस्टच्या पेशींतील ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड झाल्याने त्यांना वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. हा संदेश रोखणारे इमॅटिनिब हे औषध काही रोग्यांना शस्त्रक्रियेपूर्वी देतात. त्याने मोठे अर्बुद आकसले, तर ते सुरक्षितपणे काढणे सोपे जाते.

उदराच्या मागील भागात वाढणाऱ्या मेदाच्या मांसार्बुदांची गोष्ट निराळी आहे. ती पुष्कळदा फार मोठी होतात आणि मूत्रपिंड, आतडे इत्यादींना चिकटतात. अशा वेळी लगतच्या इंद्रियांसह संपूर्ण गोळा एकसंध काढावा लागतो. त्यासाठी मोठा छेदच बहुधा आवश्यक ठरतो. पहिल्या शस्त्रक्रियेत काही भाग मागे राहिल्यास रोग पुन्हा उद्भवण्याचा संभव वाढतो.

म्हणून छेद किती लहान, हा प्रश्न दुय्यम होय. अर्बुद न फुटता, संपूर्ण बाहेर येईल काय, हा पहिला प्रश्न. दुर्बिणीने काम करीत असता तशी खात्री वाटेनाशी झाली, तर कुशल शल्यविशारद पोट उघडतो. त्यात त्याचा पराभव नसून रोग्याचे हित असते.