हार्ड डिस्क बदलण्याआधीचा हिशेब

शाळेचा जुना संगणक मंदावला की नवाच घ्यावा असे वाटते. पुष्कळदा मात्र हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी भागते.

हार्ड डिस्कची चकती सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचकटोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिथे साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो.

टोकावड्याहून मुरबाड-कल्याणची खेप एकदाच व्हावी, यासाठी आधी दोन नोंदी करा. पहिली, जोडणी कोणती? जुन्या संगणकात बहुधा साटा असते. दुसरी, किती जागा भरली आहे? १८० जीबी असेल, तर ५०० जीबी पुरेल. ती संगणकावर ४६५ दिसेल. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या.

दुकानात किमतीला जीबीने भागून दर काढा. मोठ्या एसएसडीचा दर अनेकदा कमी पडतो. पण रिकामी राहणारी जागा स्वस्त कशी म्हणावी? हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा.

निकालपत्रकांची प्रत मात्र आधीच काढा आणि जुनी डिस्क न पुसता जपून ठेवा. एसएसडी पुन्हा विकत मिळेल, गेलेल्या नोंदी मिळणार नाहीत.