फाटक गेले, वाट राहिली

रेल्वेचे फाटक काढून तिथे उड्डाणपूल बांधायचा की नाही, हे आपल्याकडे वर्षानुवर्षे एका गुणाकारावर ठरत आले आहे. चोवीस तासांत तिथून किती रेल्वेगाड्या धावतात आणि किती वाहने रूळ ओलांडतात, हे मोजायचे आणि दोन्ही आकडे गुणायचे. उत्तर एक लाखापुढे गेले की पुलाचा निम्मा खर्च रेल्वेने आणि निम्मा राज्याने उचलायचा, असा रिवाज. या हिशेबात मोटार एक एकक, बैलगाडीही एक, टांगाही एक, रिक्षा अर्धी. पायी चालणारा माणूस यात कुठेच नाही. दप्तर पाठीवर टाकून निघालेली पोरे, भाजीची पाटी घेतलेली बाई, काठी टेकत दवाखान्यात चाललेले आजोबा, सगळे मिळून शून्य. मुंबईच्या उपनगरांत फाटके काढताना जे झाले आणि उद्या आमच्या सांगवीच्या पट्ट्यात जे होऊ शकते, त्याचे मूळ मला या शून्यात दिसते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा रूळ शेतांतून, खाजणांतून गेले होते. शहरातल्या शहरात मात्र रस्ता रुळांवरून नेण्याची सोय लवकर झाली. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल १८६८ चा, मुंबई सेंट्रलचा बेलासिस पूल १८९३ चा. जिथे व्यापार होता, बंगले होते, घोडागाड्या होत्या, तिथे पूल आले. विक्रोळी, कळव्याचे खारेगाव, दिवा, ठाकुर्ली ही तेव्हा गावे होती, म्हणून तिथे फाटक पुरेसे मानले गेले. पुढे गावांची शहरे झाली, लोकलच्या फेऱ्या वाढत गेल्या, आणि फाटके तिथेच राहिली.

फाटकाचा त्रास फक्त रस्त्यावरच्यांना होतो, असे अनेकांना वाटते. तो गाडीतल्यांनाही तितकाच होतो. फाटक सिग्नलशी जोडलेले असते. दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. एखादा टेम्पो मध्येच अडकला, कोणी दुचाकी रेटली, की गेटमनला गेट पाडता येत नाही. मोटरमन लाल सिग्नलपाशी उभा, त्याच्या मागे दुसरी लोकल, तिच्या मागे तिसरी. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडायच्या असतात, तिथे गेट एकदा लांबले तरी त्याची झळ पार कसारा-कर्जतपर्यंत पोचते. दिव्याच्या फाटकाने मध्य रेल्वेचे वेळापत्रक वर्षानुवर्षे असेच कुरतडले. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला, रूळ अडवले गेले. निमित्त पेंटोग्राफच्या बिघाडाचे होते. रोजच्या उशिराची खदखद मात्र जुनी होती.

म्हणून फाटके काढलीच पाहिजेत, यात दुमत नाही. जपानमध्ये गर्दीच्या तासात चाळीस मिनिटे किंवा अधिक बंद राहणारी फाटके वेगळी नोंदवून त्यांच्यावर उपाय केले जातात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २०१५ साली फक्त फाटके हटवण्यासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि तिचे लक्ष्य वाढत वाढत २०३० पर्यंत ११० फाटकांवर गेले. तिथे काही मार्गांवर रस्ता न उचलता रेल्वेच खांबांवर उचलली, आणि खालची जमीन पायवाटांसाठी, बागांसाठी मोकळी झाली. खर्च प्रचंड, पण चालणाऱ्याला एकही पायरी चढावी लागली नाही, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

आपण रस्ता उचलला. विजेच्या तारेवरून रस्ता न्यायचा म्हणजे तो दोन मजल्यांहून उंच जातो, आणि ट्रक चढेल इतका सौम्य उतार ठेवला की दोन्ही बाजूंना दोन-दोनशे मीटरची चढण होते. मोटारीला हे अंतर काहीच नाही. पण ज्याला समोरच्या बाजूच्या दुकानातून औषध आणायचे आहे, त्याच्या वीस पावलांचे अर्धा किलोमीटर होतात. मग तो भिंतीतली फट शोधतो. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली त्याला दंड होतो, उद्घोषणा होतात, फलक लागतात. तो रूळ ओलांडतोच. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात रूळ ओलांडताना मरणाऱ्यांचा देशभरातला आकडा वर्षाला सुमारे पंधरा हजार सांगितला. त्यांतले सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावरचे. कुठल्याही सुसंस्कृत समाजाला हे हत्याकांड मान्य होऊ शकत नाही, अशा आशयाचे शब्द समितीने वापरले. सगळी फाटके पाच वर्षांत काढा, असेही सांगितले. खर्चाचा अंदाज पन्नास हजार कोटींचा होता.

पाच वर्षे केव्हाच उलटली. खारेगावचा पूल जानेवारी २०२२ मध्ये खुला झाला. विक्रोळीचा १४ जून २०२५ रोजी, तोपर्यंत त्याचा खर्च शंभर कोटींच्या पुढे गेला होता, आणि वाहनांना पूर्व-पश्चिम जाण्यासाठी घाटकोपरचा किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा वळसा घ्यावा लागत होता. उशिराचे एक कारण कामाच्या वाटणीत आहे. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे जोडरस्ते पालिकेचे. एकाचे काम झाले की दुसऱ्याची जमीन मिळालेली नसते. अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्याशी जुळलाच नाही. दोन्हींच्या पातळीत मोठा फरक राहिला होता.

आता आमच्याकडे वळतो. सांगवी नीरेकाठी, बारामती-फलटण रस्त्यावर. दौंड-बारामती शाखेवर दिवसाला मोजक्याच गाड्या धावतात, त्यामुळे गुणाकार लाखाच्या जवळपासही जात नाही. अशा ठिकाणी उड्डाणपुलाऐवजी रुळांखालून भुयारी मार्ग काढतात. गावोगाव त्याला बोगदाच म्हणतात. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची विनारक्षक फाटके संपली, त्यात या बोगद्यांचा वाटा मोठा. हे काम लाखमोलाचे झाले, यात शंका नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान भागात वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली विनारक्षक फाटकावर गाडीखाली आली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तसे पुन्हा होऊ नये, यासाठी कितीही खर्च झाला तरी तो योग्यच.

पण बोगद्यात पाणी साचते. पावसाळ्यात राज्यातल्या कितीतरी गावांचा हा अनुभव आहे. आमच्या भागात तर पावसाचीही गरज नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्याच्या झिरप्याने आणि उसाच्या पाटपाण्याने या पट्ट्यातल्या जमिनी पाणथळ आणि चोपण होण्याचा प्रश्न शंभर वर्षांपासून चालत आला आहे. खड्डा खणला की खालून पाणी येते. अशा मातीत जमिनीखाली नेलेला रस्ता निव्वळ पंपाच्या भरवशावर कोरडा राहणार नाही. वीज गेली की पंप थांबतो. दुसरी अडचण उंचीची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीवर ऊस किती उंच रचलेला असतो, हे कागदावर बोगदा आखणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.

हे आत्ताच मांडण्याचे कारण आहे. लोणंद-फलटण मार्ग झाला, ३० मार्च २०२१ पासून फलटणहून पुण्याला गाडीही सुरू झाली. आता फलटण-बारामती हा उरलेला टप्पा हाती आहे. नव्या मार्गावर फाटक ठेवायचेच नाही, असे रेल्वेचे धोरण आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणजे रूळ जिथे शिवार कापतील तिथे पूल किंवा बोगदा येणार. काँक्रीट पडल्यावर त्याची उंची वाढत नाही.

तेव्हा सांगवीसह या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत आराखडा मागवावा. बोगद्याची उंची भरलेल्या ट्रॉलीशी ताडून पाहावी. पाणी पंपाविना, उताराने ओढ्यापर्यंत जाईल अशी चर आराखड्यातच दाखवायला लावावी. वाहनांच्या रस्त्याशेजारी पायी जाणाऱ्यांसाठी उंच, कोरडी कडा मागावी. आणि शाळेत, शेतात, देवळात पायी जाणाऱ्या माणसांची मोजणी गावाने स्वतः करून ती अर्जासोबत लेखी द्यावी.