मढीच्या रात्रीची रेवडी

मढीच्या यात्रेत रेवडीची भट्टी बघायची तर रात्रीच. फाल्गुनात पाथर्डीकडे दुपारचं ऊन असं तापतं की ओढायला घेतलेला पाक खुंटीवर टिकत नाही, ओघळतो. दिवे लागले, गार वारा सुटला की काम खरं सुरू होतं.

कानिफनाथांच्या गडाखाली होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ही यात्रा चालते. गोपाळ, कैकाडी, वैदू, घिसाडी, बेलदार असे फिरस्ते समाज इथे लोटतात, म्हणून हिला भटक्यांची पंढरी म्हणतात. गाढवांचा बाजारही इथलाच, त्यात काठेवाडी जनावरं येतात. खायला खूप काही मिळतं, पण मी उभी राहते ती रेवडीवाल्या मामा-मामींपाशी.

कढईत साखर आणि पाणी. उकळी फुटली की मामा लिंबू पिळतात, नाहीतर पाक पुन्हा रवाळ होतो. मोजायचं यंत्र नाही, शेजारी गार पाण्याची वाटी आहे. तिच्यात पाकाचा थेंब सोडायचा आणि बोटांनी उचलून बघायचा. आधी मऊ गोळी होते, नंतर कडक. तेवढ्यावर भागत नाही. थेंब काचेसारखा कट्कन तुटला की कढई खाली. तेव्हा पाक जवळपास 150 अंश सेल्सिअसला असतो. जरा उशीर झाला तर अख्खा घाणा कडवट.

तेलाचा हात फिरवलेल्या परातीत पाक ओतला की कडा आधी आळतात, त्या उलथण्याने मध्ये लोटायच्या. हाताला सोसेल इतका निवला की गोळा खांबावरच्या खुंटीला अडकवतात. ओढायचा, दुमडायचा, पुन्हा खुंटीवर टाकायचा. हा सगळा जोर दंडात नसून कमरेत असतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मामा एक पाय मागे रोवून अंगाच्या भाराने ओढतात. पिवळसर, आरपार दिसणारा पाक आधी मोतिया होतो, मग पांढराशुभ्र. रंग काही घातलेला नसतो. घडीघडीत हवा अडकते, तिच्या बारीक बुडबुड्यांवरून उजेड विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. त्याच हवेमुळे रेवडी दाताखाली फुटते. एरवी तो नुसता साखरेचा खडा झाला असता.

आता घाई. ओढून लांब दोर करायचा, भराभर तुकडे पाडायचे आणि तिळात घोळायचे. तीळ दुसऱ्या कढईत मंद आचेवर मामी हलवत असतात.

"तीळ आधीच भाजून का ठेवत नाही?" मी विचारलं.

"ठिवला तर गार पडतो ना, ताई. दोन्ही कोमट पाहिजे," मामी म्हणाल्या. "तुकडा लई गरम आसला तर चपटा होतो, गार झाला तर तीळ गळतो."

ताजी रेवडी चावायची घाई करू नये. आधी जिभेवर तीळ सुटतात, त्यांचा खमंगपणा येतो, मग गोडी, आणि मग दात लावला की ती खुसखुशीत फुटते. लखनौची रेवडी मी खाल्ली आहे, तिला गुलाबपाण्याचा वास असतो. इथे नुसता तीळ, आणि मला हीच आवडते.

मढीत यात्रेच्या दिवसांत गावकरी घरी तळण करत नाहीत, लग्नकार्य ठेवत नाहीत, पलंगावर झोपत नाहीत. अशा गावच्या प्रसादात रेवडी असावी हे मला फार साजेसं वाटतं, कारण तिला तळण लागतच नाही. 1884च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये कानिफनाथांचं हे स्थान शाह रमजान माही सवार या नावानेही नोंदलेलं आहे, हिंदू आणि मुसलमान दोघांचं. 2025च्या फेब्रुवारीत मुस्लीम दुकानदारांना यात्रेत जागा देऊ नये असा ठराव ग्रामसभेत झाला, तेव्हा मला दुःख झालं. ज्या गडाला दोन नावांनी हाक मारली गेली, त्याच्या पायथ्याशी दुकान कुणाचं हे विचारलं जाऊ नये.

ही साखर येते कुठून, हाही विचार इथे उभं राहिलं की टळत नाही. याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, 1950 साली सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. तिकडे पाटाचं पाणी, इकडे पाथर्डीत कोरडं रान. म्हणून इथली माणसं दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपत आला की परततात. यात्रा नेमकी त्याच सुमाराला येते. रेवडी विकत घेणाऱ्या कितीतरी हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे असतात.

आणि घेतात ती किलोवर. शेजारी, भावकी, ज्यांना येता आलं नाही ते सगळे, कुणालाच वगळायचं नसतं. भजी गावी नेईपर्यंत मऊ पडतील, जिलबी आंबेल. रेवडी मात्र गाठोड्यात बांधून चार मुक्काम केले तरी तशीच राहते, आणि मुक्काम करत जाणाऱ्यांना हेच हवं असतं. तिला भीती फक्त दमटपणाची. मामी पिशवीला दुहेरी गाठ मारतात आणि प्रत्येकाला बजावतात, "डब्यात घट्ट झाकून ठिवा, आन् पाऊस लागायच्या आत संपवा. न्हाईतर पाणी सुटतं."