कुंडीतला वाटाणा आणि पहिला लघुपट

चित्रपट पाहण्याची हौस आपल्या घरांना जुनीच आहे. चित्रपट काढण्याची हौस मात्र अलीकडे घराघरांत शिरली आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी एखाद्या संध्याकाळी जेवताना सहज सांगून टाकते की, आम्ही मित्रमंडळी मिळून एक ‘शॉर्ट फिल्म’ करणार आहोत. (या कामी मराठीत ‘लघुपट’ हा सुटसुटीत शब्द असताना तो कोणीच का वापरीत नाही, हे भाषांतराच्या टेबलाशी बसणाऱ्या आमच्यासारख्यांना न उलगडलेले कोडे आहे.) वडील विचारतात, पैसे किती लागतील, आई विचारते, रात्री किती वाजेपर्यंत चालणार. दोन्ही प्रश्न योग्यच होत. परंतु पहिल्या लघुपटाची खरी अडचण या दोहोंच्याही पलीकडे असते.

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील मानेसरचे उदाहरण घ्या. अरवलीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव गेल्या काही दशकांत उद्योगनगरी बनले. मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने तेथे उभे राहिले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मंडळी तेथे आली. अशा गावी भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्या चार-पाच मराठी मुलांनी लघुपट काढावयाचे मनात आणले, तर काय होईल याची कल्पना करा. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहेच. कथाही सुचलेली असते. परंतु एकाची पाळी सकाळची, दुसऱ्याची रात्रीची. साप्ताहिक सुट्टी एकाची रविवारी तर दुसऱ्याची बुधवारी. नायक मोकळा असतो तेव्हा कॅमेरा धरणारा झोपलेला असतो. तीन आठवड्यांनी सारे एकत्र जमतात, तो नायकाने केस कापून घेतलेले असतात आणि पहिल्या दिवशीच्या चित्रणाशी दुसऱ्या दिवशीचा चेहरा जुळत नाही! फोन कितीही उत्तम असो, माणसे आणि वेळ यांचा मेळ तो घालून देत नाही.

ही अडचण आजची नव्हे. आपल्या देशात हौसेने चित्रण करणारी जी पहिली माणसे झाली, त्यांच्यापुढेही ती होतीच. आणि त्यांनी तिच्यातून काढलेली वाट आजच्या मुलांनाही उपयोगी पडावी अशी आहे.

त्यांतील पहिले नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांचे. ते मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्या चित्रांनी भारून जाऊन सावेदादांनी इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती मुद्दाम जुळवून आणली आणि तिचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. आपले चित्रण साधले की फसले, हे कळण्यास जहाजाच्या येण्याजाण्याची वाट पाहणे आले!

सावेदादांनी विषय कसा निवडला, इकडे आपण लक्ष द्यावे. कुस्ती उघड्यावर होते, तेव्हा दिव्यांची गरज नाही. मल्लांना संवाद पाठ करावयाचे नसतात. वेषभूषा लंगोटाची. हालचाल भरपूर; आणि सर्व काम एका दिवसात, एका जागी उरकते. दोन वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. तेथे तर पात्रे जमविण्याचाही प्रश्न नव्हता. ती आपण होऊनच आली होती.

दुसरे नाव धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे. ‘राजा हरिश्चंद्र’ या त्यांच्या चित्रपटाचे नाव सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याआधी त्यांनी काढलेल्या एका इवल्याशा चित्रपटाचे नाव फारच थोड्यांना माहीत असते. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून चित्रपटाच्या वेडाने त्यांना पुरते घेरले. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. रात्रंदिवस फिती पाहून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते विलायतेस गेले आणि तेथील जाणकारांकडून तंत्र समजावून घेऊन, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून, एप्रिलमध्ये परत आले. एवढे करूनही भांडवल द्यावयास कोणी पुढे येईना. आणि ते साहजिकच होते, कारण या माणसाने अद्याप केलेले असे काहीच कोणी पाहिले नव्हते.

फाळक्यांनी मग काय केले? एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. फीत पडद्यावर चालविली तेव्हा बी रुजले, अंकुर फुटला, वेल डोलत वर चढला. आणि हे सर्व मिनिटभरातच! ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्राचे नाव. निवडक मंडळींनी ते पाहिले. त्यांतूनच यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे भांडवल देणारे मिळाले.

आमच्या मते पहिला लघुपट काढू पाहणाऱ्या प्रत्येक मंडळीने या वाटाण्याची गोष्ट आधी वाचावी. ज्याला पुढे राजे, ऋषी, राजवाडे आणि स्मशान दाखवावयाचे होते, त्याने आरंभी एक कुंडी निवडली. तिला ना पगार, ना पाळी, ना रुसवाफुगवा. पैसा जवळजवळ लागला नाही. लागली ती चिकाटी. उलट आजच्या मुलांचा पहिला विचार असतो तो खून, पाठलाग, पावसातील विरह यांचा! विषय लहान असावा, म्हणजे क्षुद्र असावा असे नव्हे. कारखान्यातून पहाटे परतलेला मुलगा खोलीसोबत्याची झोप मोडू नये म्हणून अंधारात चहा करतो, एवढ्या प्रसंगातही पाच मिनिटांचे सुंदर चित्र दडलेले आहे. आणि त्यास एक खोली, दोन माणसे व एक स्टोव्ह पुरतो.

विषय आपल्या जाणिवेतला असावा, हेही तितकेच महत्त्वाचे. सुमित्रा भावे यांनी चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांचे क्षेत्र समाजकार्याचे. पुण्यातील गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास करताना त्यांना वाटले की, हे निष्कर्ष वाचता न येणाऱ्या बायांपर्यंतही गेले पाहिजेत. त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट झाला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता माणसांकडे वळू. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांजवळ माणसे होती ती बव्हंशी नवशिकी. कॅमेरा चालविला तो त्यांचे त्र्यंबकेश्वरचे मित्र तेलंग यांनी. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. स्त्रीपात्रे करणाऱ्या पुरुषांना मिशा काढावयास राजी करणे हीदेखील एक मोहीमच होती, कारण वडील हयात असता मिशी उतरविणे अशुभ. चित्रपटात काम करतो असे सांगण्याची चोरी, म्हणून मंडळींनी विचारणाऱ्यास ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहे’ असे सांगावे, असे ठरले होते. मानेसरच्या मुलांना हे उत्तर निदान अर्धे तरी खरे देता येईल!

आणि सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. दादरच्या त्या घरात चित्रपटाच्या काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा चित्रण चालू असता पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्या राहत, म्हणजे प्रकाश परावर्तित होऊन पात्रांच्या मुखांवर पडे. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे कामही त्यांनी केले. दागिने गेले ते वेगळेच. तरुण मंडळी लघुपट काढतात तेव्हा दिग्दर्शक होण्यास चौघे तयार असतात, नट होण्यास तिघे. चादर धरण्यास मात्र कोणी नसतो. पहिल्याच दिवशी भांडण होते ते बहुधा यावरूनच. म्हणून चित्रण सुरू करण्यापूर्वी कोणी काय करावयाचे, खर्च कोणी किती द्यावयाचा आणि जेवण कोठून यावयाचे, हे कागदावर लिहून काढावे. आणि अखेरच्या नामावळीत चादर धरणाऱ्याचे व डबा आणणाऱ्याचे नाव न विसरता घालावे. मुली सहभागी असतील, तर चित्रणाची वेळ दिवसाची ठेवून त्यांच्या घरी आधी कळविणे बरे. तिच्या घरचा विरोध अनेकदा चित्रपटाला नसतोच. वेळेचा ठिकाणा नसण्याला असतो.

सरस्वतीबाईंची ती चादर आजही तितकीच कामाची आहे. खोलीत खिडकीसमोर पात्राला बसवावे आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी. चेहऱ्याची काळी पडलेली बाजू उजळते. उत्तरेकडे हिवाळ्यात आकाश धुरकट असते. अशा दिवशी सावल्या सौम्य पडतात, चेहरे चांगले येतात. परंतु उजेड लवकर जातो, म्हणून कामास सकाळीच आरंभ करावा.

एक संकट मात्र फाळक्यांना नव्हते आणि आपल्याला आहे. ते आवाजाचे. मूकपटास कानांची भीती नव्हती. आजचे बहुतेक पहिले लघुपट चित्रामुळे नव्हे, आवाजामुळे फसतात. फोन सहा हात दूर, पंखा चालू, बाहेर महामार्गावरून मालमोटारी जात असलेल्या. अशात नायिकेचे हळुवार वाक्य कोणास ऐकू येणार? यावर साधा उपाय असा: दुसरा एक फोन ध्वनिमुद्रणासाठी चालू करून पात्राच्या जवळ, परंतु चित्रात दिसणार नाही असा ठेवावा. आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे संकलन करताना चित्रातील टाळी आणि आवाजातील टाळी जुळविता येते. पंखा बंद करावा. संवाद जितके कमी तितके उत्तम. पार्श्वसंगीतासाठी प्रसिद्ध गाणे उचलू नये. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. मित्रांपैकी कोणाला पेटी किंवा बासरी येत असेल तर तीच वाजवावी.

बाहेरच्या चित्रणाची गोष्ट निराळी. फाळक्यांची मंडळी वांगणी गावी गेली असता, ढाल-तलवारी घेतलेली ती माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा भास झाला आणि मंडळींना अटकून ठेवण्यात आले, अशी हकीकत सांगतात. फाळके येऊन खरा प्रकार समजावून सांगेपर्यंत सुटका नव्हती. आजही खोटे पिस्तूल घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या मुलांवर तोच प्रसंग येऊ शकतो. मानेसरला तर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्रच आहे. अशा ठिकाणांच्या आसपास कॅमेरा काढू नये, ड्रोन तर मुळीच उडवू नये. कारखान्याच्या फाटकाशी रखवालदाराची परवानगी पुरेशी नसते, व्यवस्थापनाची लेखी घ्यावी. सोसायटीच्या गच्चीवर चित्रण करावयाचे तर चिटणिसांना आदल्या दिवशी सांगावे.

मित्रांच्या मंडळीत धीर किती लागतो, ते कोल्हापुरात दिसले. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतःच चित्रणाचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला, आणि ‘सैरंध्री’ हा त्यांचा पहिला चित्रपट पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी. आपल्या मुलांचा लघुपट दोन महिन्यांत पुरा झाला नाही, तर घरच्यांनी इतक्यात थट्टा करू नये.

संकलनास बसल्यावर मात्र मन घट्ट करावे लागते. ज्या चित्रणासाठी थंडीत पहाटे चारला उठलो, तेच कथेला नको असते. चौघांच्या मताने कापाकापी कधीच होत नाही. हे काम एकाकडे द्यावे, शक्यतो ज्याने स्वतः अभिनय केलेला नाही त्याच्याकडे, आणि बाकीच्यांनी दोन दिवस त्या खोलीत जाऊ नये. पहिला प्रेक्षक आई-वडिलांपैकी नसावा. ते कौतुकच करणार. शेजारच्या काकांना दाखवावे. ते मध्येच उठून पाणी प्यावयास गेले, तर त्या ठिकाणी लघुपट लांबला आहे असे समजावे. त्यानंतर गणेशोत्सवातील एखादी संध्याकाळ आहेच. परप्रांती राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उत्सवात अशा पाच मिनिटांना सहज जागा मिळते.

जतन करण्याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी लागला. तो चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. फोन पाण्यात पडतो, हरवतो, विकला जातो. पुरा झालेला लघुपट आणि मूळ चित्रण यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, प्रत्येकीवर तारीख व सर्वांची नावे लिहावीत, आणि एक प्रत गावी आईवडिलांच्या कपाटात जाऊ द्यावी.