खोगीर आणि खोगीरभरती

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लांबच्या पल्ल्यावर निघालेले घोडेस्वार येथे थांबत, दमलेले घोडे सोडत, ताजे घेत आणि पुढे निघत. घोडे बदलण्याचे गाव ते बदलापूर. ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते, ते जाणकारांनी ठरवावे. पण सकाळी कुळगाव-कात्रपहून स्टेशनकडे निघालेल्या मोटारसायकलींची रांग पाहिली, की वाटते, गाव अजूनही घोड्यांचेच आहे. फरक इतकाच, की आता घोडा बदलणे परवडत नाही. एकदा घेतलेली गाडी आठ-दहा वर्षे पुरवायची असते. म्हणून आम्ही घोडा तोच ठेवतो आणि खोगीर बदलतो.

खोगीर बदलायचे तर कल्याण रस्ता धरायचा आणि अंबरनाथ मागे टाकून उल्हासनगर गाठायचे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. शहर उभे राहिले तरी पत्ता मात्र अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांनी जे मिळेल ते विकले, जे मिळेना ते बनवले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद ऐकला नाही असा माणूस मध्य रेल्वेच्या डब्यात सापडायचा नाही. विनोदात टोमणा आहे, पण कौतुकही आहे. येथला फर्निचरचा बाजार प्रसिद्ध. आणि जेथे सोफा होतो, तेथे फोम, रेक्झिन आणि टाके घालणारे हात असतातच. सोफ्याची गादी भरणाऱ्या हाताला मोटारसायकलची सीट काय जड?

या बाजारात मी गेली पंचवीसेक वर्षे ये-जा करतो आहे. सुरुवातीला गेलो तो मात्र गाडी ‘स्पोर्टी’ करायला, हे कबूल केले पाहिजे.

त्या काळात मध्यमवर्गीय घरातली गाडी बदलत होती. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरने आमच्या वडिलांच्या पिढीचे संसार वाहिले. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि लिटरमागे किती किलोमीटर, हा घरोघरी चर्चेचा विषय झाला. पेट्रोल वाचू लागले. पण या अदलाबदलीत एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. स्कूटरचे मागचे चाक पत्र्याच्या पोटात दडलेले असे. मोटारसायकलचे चाक उघडे. स्कूटरवर आईचा पदर वाऱ्यावर उडाला तरी पत्र्यावर आपटे. मोटारसायकलवर तो थेट फिरत्या आऱ्यांत जाऊ शकतो. म्हणून तर डाव्या बाजूला ती जाळी आली, जिला सगळे साडीगार्ड म्हणतात.

माझ्या नव्या गाडीचे साडीगार्ड मी पहिल्या वर्षभरातच काढले. खडखडत होते, चाक धुताना आड येत होते, आणि खरे सांगायचे तर गाडी त्याच्यामुळे ‘काकांची’ दिसत होती. त्याबरोबर मागची धरायची दांडीही गेली. तिच्या जागी एक निमुळते, चकचकीत प्लास्टिक आले. मित्रांनी वाहवा केली. घरातून एकच प्रश्न आला, ‘‘अहो, मग मी धरायचे कशाला?’’ मी हसून म्हटले, ‘‘मला!’’

पावसाळा नुकताच संपला होता. लग्नाला म्हणून आम्ही दोघे अंबरनाथला निघालो. ही एका बाजूला बसलेली, मांडीवर आहेराची पिशवी. रस्त्यात खड्डा आला, मी ब्रेक दाबला, तिने पिशवी सावरली आणि खांद्यावरचा पदर सुटला. मला कळले ते मागून ओढ बसली तेव्हा. वेग नव्हता, म्हणून गाडी दोन हातांत थांबली. पदर चाकाला पीळ घालून गुंडाळलेला, ही रस्त्यावर बसलेली, कोपर आणि गुडघा सोललेले. शेजारच्या टपरीवाल्याने सुरी आणून पदर कापला, तेव्हा ती सुटली. ती नऊवारी तिच्या आईची होती. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून गाडीवर काही चढवायचे किंवा काढायचे म्हटले, की मी एक प्रश्न विचारतो : हे खोगीर आहे, की खोगीरभरती? बसणाऱ्याला सुख आणि आधार देते ते खोगीर. बाकी सगळी भरती.

खोगीर सुधारण्याचा पहिला हप्ता फुकटातला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक साध्या गाड्यांच्या मागच्या दोन शॉकअपना खाली पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्याने ती फिरवली, की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. एकट्यासाठी खालची पायरी, मागे माणूस आणि पिशव्या असतील तर वरची. दोन्ही बाजू सारख्याच पायरीवर हव्यात. शोरूममधून आल्यापासून ही कडी एकदाही न फिरवलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. मालक पाठदुखीवर मलम लावत असतो आणि औषध गाडीतच पडलेले असते.

दुसरी फुकट गोष्ट हवा. पुढच्या-मागच्या चाकांत किती पौंड, आणि मागे कोणी बसले तर मागच्या चाकात किती जास्त, हे गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत छापलेले असते. पंपावरच्या मुलाला ‘टाक रे’ एवढेच सांगितले, तर तो दगडासारखे टायर करून देतो आणि मग प्रत्येक खड्डा मणक्यात मोजावा लागतो. तिसरी गोष्ट क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची. बसल्यावर हात सरळ सोडून बोटे दांडीवर ठेवावीत. मनगट वर मोडत असेल, तर पकड सैल करून दांडी थोडी खाली फिरवावी. पाच मिनिटांचे काम. पण शीळफाट्यापर्यंत गर्दीत दर मिनिटाला क्लच दाबणाऱ्याचे मनगट दुवा देईल.

आता पैशांची गोष्ट, म्हणजे सीट. दुकानात गेल्यावर माणूस फोम बोटाने दाबून पाहतो आणि जो जास्त मऊ तो निवडतो. तेथेच फसतो. फार मऊ फोम माणसाच्या वजनाखाली तळाला टेकतो आणि तासाभराने एस.टी. स्टँडच्या बाकावर बसल्यासारखे होते. फोम जरा घट्टच हवा. मऊ थर हवाच असेल, तर तो वर पातळ. सीट उंच करताना दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकतात ना, ते कारागिरासमोरच बसून पाहावे. सतरा सेक्शनच्या चौकातल्या कोंडीत, ओल्या रस्त्यावर, मागे दुसरे माणूस घेऊन टाचा अधांतरी ठेवणे म्हणजे सुख नव्हे.

आणि आमच्याकडचा पाऊस विसरू नये. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने काय केले, ते या पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेही ताजे आहे. पण एरवीच्या साध्या पावसातही सीटच्या वरच्या बाजूला नक्षीचे टाके असतील, तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जाते. फोम ते पिऊन ठेवतो आणि ऊन पडल्यावरही तीन दिवस आपली विजार ओली करतो. म्हणून शिलाई बाजूला घ्यायला सांगावी आणि फोम व रेक्झिन यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालून घ्यावा. कारागिराला मुद्दाम सांगावे लागते. नक्षी मात्र तो न सांगता काढतो.

यापुढचे खोगीर मागच्या माणसाचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण मोटारसायकलला हवे. म्हणजे मी मित्रांची वाहवा मिळवायला जे काढले, ते नियमाने असायलाच हवे होते. साडीगार्ड काही शे रुपयांत बसते. एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी दोन्ही पाय मावतील अशी रुंद पायपट्टी हवी. पाय लोंबकळले की कंबर अवघडते आणि तोलही जातो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास वेल्डिंगची चांगली कामे होतात. बाजारातली पट्टी बसत नसेल, तर बसणारीला सोबत नेऊन मापाने करून घ्यावी. सलवार-कमीज घालणाऱ्यांनी दोन्हीकडे पाय टाकून बसावे. ते अधिक सुरक्षित. ओढणीला मात्र आधी गाठ.

लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. दोन मुले, आई आणि बाबा अशी चौघांची सवारी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, काहींनी केली आहे. कायदा मागे एकच माणूस मानतो. कोणतीही सीट लांब करून घेतली, तरी चाके दोनच राहतात.

आता खोगीरभरती. पहिला मान सायलेन्सरचा. आतली जाळी काढून गल्ली दणाणून सोडण्यात सुख कोणाचे? चालवणाऱ्याचेही नव्हे, कारण आवाज मागे राहतो, शेजाऱ्यांकडे. आवाजाची मर्यादा मोडली, तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्सही तीन महिने गोत्यात. दुसरा मान प्रखर बल्बचा. साध्या मोटारसायकलच्या हॅलोजन दिव्याचा बल्ब ३५ वॉटचा असतो. त्या जागी मोटारीचा ६० वॉटचा बसवला, की वायर तापते, होल्डर वितळतो आणि बॅटरी रडते. स्वस्त एलईडी बसवला, तर उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. त्यापेक्षा काच स्वच्छ करून दिव्याचा झोत थोडा खाली घ्यावा. तिसरा मान जाड टायरचा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की तो नीट बसत नाही, चेनकव्हरला घासतो आणि पेट्रोल खातो. ठरलेल्या मापाचे चांगले नवे टायर आणि वेळेवर बदललेले ब्रेकशू यांत ते पैसे घालावेत. मागचे मडगार्ड कापून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावे? त्यांच्या पाठीवरची चिखलाची रेघच बोलते.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम तर सांगते, की उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूसही हाच तपशील पाहतो. सीटचा फोम बदलून किंवा साडीगार्ड बसवून कोणी या कलमात सापडायचे नाही. चेसीस कापून, इंजिन बदलून सापडेल.

गेल्या महिन्यात मुलाने गाडी घेतली. दुसऱ्याच रविवारी उल्हासनगरला निघाला. मीही सोबत गेलो. दुकानात भिंतभर टांगलेले सायलेन्सर त्याच्या डोळ्यांत भरले. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, आजकाल सगळे हेच लावतात.’’ मी काही बोललो नाही. आमच्याबरोबर आलेली त्याची आई तेवढ्यात गाडीपाशी जाऊन मागच्या चाकाकडे वाकून पाहत होती. मुलाने ते पाहिले. त्याला ती नऊवारी ठाऊक आहे. तिचा उरलेला भाग आमच्याकडे अजून गोधडीत आहे. त्याने सायलेन्सरवरची नजर काढली आणि विचारले, ‘‘साडीगार्ड कितीला?’’

अर्ध्या तासात गार्ड बसले, पट्टी बसली, दांडीचे नट घट्ट झाले. तिने मागे बसून दोन्ही पाय टेकवले, दांडी धरून पाहिली, हेल्मेटचा पट्टा लावला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘हं, चल आता.’’